नकळत तुडवणारे पाय

कुरआनच्या सूरह नम्लमध्ये एका मुंगीचा उल्लेख आहे. हजरत सुलैमान (अलै.) यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचते, तेव्हा ती मुंगी आपल्या जातभाईंना घरात शिरण्यास सांगते. सुलैमान आणि त्यांचे सैनिक आपल्याला चिरडून टाकतील आणि त्यांना त्याची जाणीवसुद्धा होणार नाही, अशी तिला भीती वाटते. वाचक बंधू-भगिनींनो, या अठराव्या आयतीवरून आपण अनेकदा पुढे निघून जातो. त्या चिमुकल्या जीवाच्या बोलण्यातला न्याय क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. ती लष्करावर दुष्टपणाचा आरोप करीत नाही. प्रेषिताचे लष्कर दुष्ट कसे असेल? तिचे म्हणणे एवढेच की, हे लोक उंचावरून चालणारे आहेत आणि आपण जमिनीलगत राहणारे आहोत. पायाखाली काय आले ते त्यांना कळणारच नाही.

आपल्या काळातील राज्यकर्त्यांविषयी आणि सार्वजनिक संस्थांविषयी सामान्य माणसाच्या मनात जी चीड साठत गेली आहे, तिचे मूळ याच जागी आहे, असे मला वाटते. भ्रष्टाचाराविषयी आपण पुष्कळ बोलतो, पक्षपाताविषयी बोलतो, आणि तेही आवश्यकच आहे. परंतु रोजच्या जगण्यात माणसाला सर्वाधिक थकवते ती वेगळीच गोष्ट असते. ज्यांच्या हाती आपला कारभार आहे त्यांना आपण कसे जगतो हे ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याची त्यांना खंतही नाही. रेशन दुकानातील यंत्रावर आयुष्यभर विटा वाहिलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा उमटत नाही. त्याच्या बोटांवरच्या रेषा श्रमाने झिजल्या आहेत. यंत्र बसवणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी वैर नव्हते. अशी बोटे त्याने कधी जवळून पाहिली नव्हती, इतकेच.

हा प्रश्न केवळ राजकारणाचा असता तर या मासिकाच्या पानांवर तो मांडण्याचे मला प्रयोजन वाटले नसते. परंतु एका प्रसंगाने तो माझ्यासमोर हलाल-हरामचा प्रश्न म्हणून उभा केला, आणि त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक विधवा भगिनी राहते. पदरी दोन मुले. तीन घरी धुणीभांडी करून महिन्याला तीन हजार रुपये आणि घरबसल्या काज-बटणाच्या कामाचे पाचशे, अशी तिची कमाई. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, हे आपणांस माहीत असेलच. सन २०२३ मध्ये या योजनेचे मासिक अनुदान १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. ही बातमी ऐकून ती तालुक्याच्या गावी अर्ज भरायला गेली. तेथे तिला कळले की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे. तिचे उत्पन्न वर्षाला ४२,००० रुपये भरते. अर्ज लिहून देणारा माणूस हसून म्हणाला, "वीस हजार लिहा. सगळे तेच लिहितात." त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, उलट तो तिला मदतच करीत होता.

ती अर्ज न भरता परत आली आणि मला म्हणाली, "चाचा, त्या कागदाच्या खाली लिहिलंय की वरची माहिती खरी आहे. त्याखाली मी सही करायची. उद्या अल्लाहपुढे त्या सहीचं काय सांगू?"

२१,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी. एवढ्या पैशांत सुमारे एक लिटर दूध येते. एका कुटुंबाने दिवसभर एवढ्यावर जगावे आणि तरच त्याला निराधार म्हणावे, अशी ही रेषा. अनुदानाची रक्कम पूर्वी ६०० होती, मग १,००० झाली, मग १,५००. रेषा मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहिली. आखली तेव्हा ती कदाचित योग्यही असेल. पुढे महागाई वाढली, मजुरी वाढली, आणि त्या रेषेच्या आत प्रामाणिकपणे बसू शकेल असा जिवंत माणूस सापडणे कठीण झाले. मग कारभार चालावा कसा? लोकांनी असत्य लिहावे, लिहून घेणाऱ्याने ते असत्य आहे हे जाणून लिहून घ्यावे आणि वरच्याने त्यावर शिक्का मारावा. हे असत्य कोणालाच टोचत नाही. ते टोचले फक्त एका धुणीभांडी करणाऱ्या बाईला.

अनभिज्ञ शासनाचा सर्वांत मोठा अपराध कोणता, असे कोणी मला विचारले तर मी म्हणेन: ते गरिबाला उपाशी ठेवते हा नव्हे, उपाशी राहायचे नसेल तर खोटे बोल, असे ते त्याला सांगते, हा. अन्नाबरोबर ते त्याच्या सचोटीचीही किंमत मागते.

हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीतील एक घटना इब्ने सअद यांनी नोंदवली आहे. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा एक काफिला उतरला होता. त्याची राखण करण्यासाठी हजरत उमर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) रात्री जागत होते. एका लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. हजरत उमर त्या दिशेने गेले आणि मुलाच्या आईला त्याच्याकडे लक्ष देण्यास सांगून परत आले. पुन्हा रडणे सुरू झाले, ते पुन्हा गेले. रात्र सरत आली तरी मूल शांत होईना, तेव्हा त्यांनी त्या आईला कठोर शब्द ऐकवले. तू कसली आई आहेस, अशा अर्थाचे. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने वैतागून सांगितले की, मी याचे दूध तोडते आहे आणि हा ऐकत नाही. एवढ्या लवकर का, असे विचारल्यावर ती म्हणाली की, उमर दूध सुटलेल्या मुलांनाच वजिफा देतात.

फज्रच्या नमाजमध्ये हजरत उमर यांचा आवाज रडण्यामुळे इतका भरून आला की, लोकांना त्यांचे पठण नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी स्वतःलाच दोष दिला की, मुसलमानांची किती बालके या नियमापायी दगावली असतील! आणि त्याच दिवशी दवंडी पिटवली की, कोणत्याही आईने मुलाचे दूध घाईने तोडू नये. यापुढे इस्लाममध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला जन्मापासून वजिफा मिळेल. तसा हुकूम सर्व प्रांतांना लिहून पाठवला.

या घटनेतील एक बारकावा आपल्या प्रवचनांमध्ये बहुधा निसटतो. हजरत उमर यांनीसुद्धा प्रथम त्या आईलाच दोष दिला होता. वरून पाहणाऱ्याला गरिबाचे वागणे नेहमीच विचित्र, निष्काळजी, क्वचित अप्रामाणिकही दिसते. मूल रडते आहे आणि आई ऐकत नाही, एवढेच त्याला दिसते. फरक पडला तो यामुळे की, ते तिसऱ्यांदाही तेथे गेले आणि "का" असे विचारले. नियमात वाईट हेतू नव्हता. कोशावर भार किती पडेल याचा हिशेब करूनच तो केला असणार. पण नियमाचा भार कोणाच्या कुशीत जाऊन पडला, हे दफ्तरात बसून कळले नसते. आणि कळल्यावर त्यांनी त्या आईला खोटेपणाबद्दल जाब विचारला नाही. त्यांनी नियम बदलला.

रेषा आखायचीच असेल तर ती कशी आखावी, याचेही उदाहरण त्याच कारकिर्दीत आहे. माणसी धान्य किती द्यावे हे ठरवायचे होते, तेव्हा हजरत उमर यांनी एक जरीब धान्याच्या भाकरी करवल्या, तेलात कुस्करल्या आणि तीस माणसांना बोलावून जेवू घातले. संध्याकाळी पुन्हा तेवढेच केले. पोटे भरलेली डोळ्यांनी पाहिली आणि मग ठरवले की, महिन्याला माणसी दोन जरीब पुरतील. २१,००० हा आकडा ज्या दालनात कायम केला जात होता, तेथे अठ्ठावन्न रुपयांचा बाजार आणून कोणी एकदा तरी चूल पेटवून पाहिली असेल काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मदिना लहान होती. रात्री फेरी मारणे शक्य होते. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. मंत्र्याने कोणाकोणाच्या दारी जावे? परंतु हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. हजरत उमर यांचा कारभार इजिप्तपासून इराणपर्यंत पसरला होता आणि तो त्यांनी केवळ रात्रीच्या फेऱ्यांवर चालवला नाही. हजच्या दिवसांत प्रांतांचे अधिकारी बोलावले जात आणि रयतेला त्यांच्याविरुद्ध उघडपणे बोलण्याची मुभा असे. अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करण्याचे काम हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांच्याकडे होते. जवळीक ही अंतराची बाब नसून व्यवस्थेची बाब आहे, आणि त्याआधी नियतीची, म्हणजे इराद्याची.

याच मुहम्मद बिन मस्लमांना एकदा कूफ्याला पाठवण्यात आले. तेथे हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) अधिकारी होते. कादिसियाचे विजेते, हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहांपैकी एक. बाजाराला लागून त्यांचे निवासस्थान होते. गलबल्याने बोलणे ऐकू येईना, म्हणून त्यांनी दार बसवून घेतले. लोक त्याला सअदचा महाल म्हणू लागले. खलिफांचा आदेश होता की, जा, ते दार जाळून टाक आणि परत ये. मुहम्मद बिन मस्लमा कूफ्याला पोहोचले, त्यांनी सरपण विकत घेतले आणि दार जाळले. हजरत सअद यांनी देऊ केलेला वाटखर्चही त्यांनी घेतला नाही.

हजरत सअद यांनी खजिन्याला हात लावला नव्हता, कोणावर जुलूम केला नव्हता. लोकांच्या तोंडी त्यांच्याविषयी जे शब्द घातले गेले होते ते आपण उच्चारले नाहीत, असे त्यांनी शपथेवर सांगितले आणि हजरत उमर यांनी ते मान्य केले. पुढे आपल्यानंतरचा खलिफा निवडण्यासाठी ज्या सहा जणांची नावे त्यांनी घेतली, त्यांत हजरत सअद होते. माणसावरचा विश्वास कायम राहिला, जाळले गेले ते दार. आपल्याकडे नेमके उलटे घडते. निवडणुकीत माणूस बदलतो, दार तसेच राहते. नवा माणूस त्याच दाराआड जाऊन बसतो आणि बाहेरच्या आवाजाला गलबला म्हणू लागतो. आपणही दर पाच वर्षांनी माणसावर राग काढून समाधानी होतो.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. तिचा आशय असा की, ज्याच्याकडे लोकांचा कारभार सोपवला गेला आणि जो त्यांच्या गरजेपासून व दारिद्र्यापासून पडद्याआड राहिला, त्याच्या गरजेपासून अल्लाहही पडद्याआड राहील. अबू मरियम अज्दी (रजि.) यांनी ही हदीस हजरत मुआविया (रजि.) यांना ऐकवली, तेव्हा त्यांनी लोकांच्या गरजा ऐकण्यासाठी तत्काळ एक माणूस नेमला. येथे दोष कशाला म्हटले आहे ते ध्यानात घ्या. चोरीला नव्हे, अन्यायी निवाड्यालाही नव्हे, नुसत्या पडद्याला. मला ठाऊक नव्हते, ही सबब दुनियेतील चौकशी समितीपुढे चालते. ज्याने कारभार अंगावर घेतला, त्याने ठाऊक करून घेण्याची जबाबदारीही घेतली आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण राज्यकर्त्यांचा दोष सिद्ध केल्याने तिच्या सहीचा प्रश्न सुटत नाही. मी मुफ्ती नाही. मुवत्तामधील एक निवाडा मात्र माझ्या मनात घोळत होता. हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांच्या गुलामांनी मुजैना टोळीतील एका माणसाची सांडणी चोरून कापून खाल्ली. शिक्षेचा हुकूम होऊन गेला होता. मग हजरत उमर यांच्या ध्यानात आले की, मालकाने यांना उपाशी ठेवले आहे. त्यांनी गुलामांची शिक्षा थांबवली आणि सांडणीची किंमत विचारली. ती चारशे दिरहम निघाली; मालकाला त्यांनी आठशे भरायला लावले. ज्याने भुकेची परिस्थिती निर्माण केली, त्याच्याकडे गुन्ह्याचे देणे वळते झाले. या न्यायाने पाहिले तर वीस हजार लिहिणाऱ्या हजारो हातांचा हिशेब रेषा न हलवणाऱ्यांच्या खात्यावर जाईल, असे मला वाटते आणि तसे मी तिला सांगणारही होतो.

परंतु सांगण्यापूर्वी आमच्या मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि निराळाच प्रश्न केला, "आपल्या मोहल्ल्यात रमजानमध्ये जकात किती निघते?" मी अंदाजाने आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग ती लाचार कशी? लाचारी तेव्हा, जेव्हा दुसरा मार्ग नसेल. तिचा दुसरा मार्ग आपण आहोत. आपण बंद असलो तर तिच्या खोट्या सहीत आपलाही हिस्सा."

वाचकहो, मी राज्यकर्त्यांवर लेख लिहायला बसलो होतो आणि बोट माझ्याकडे वळले. तिने आमच्या जमातीकडे वर्षभरापूर्वी अर्ज केला होता, हे मला त्यानंतर कळले. तो फाइलमध्ये होता. तिला दोनदा बोलावून दोन्ही वेळा जबाबदार मंडळी हजर नव्हती. तिसऱ्यांदा, ज्यांच्या घरी ती भांडी घासते त्यांचेच शिफारसपत्र आणायला सांगितले गेले. मीही त्या मंडळींपैकी एक आहे. आमच्या मनात तिच्याविषयी वाईट काही नव्हते. मुंगीने आमच्याविषयीही तेच म्हटले असते.

हे सांगून मला सरकारला मोकळे करायचे नाही. जकात ही शासनाच्या कर्तव्याची बदली नव्हे. निराधाराचा राज्याच्या खजिन्यावर हक्क आहे आणि हक्क हा हक्कदारापर्यंत पोहोचवायची अमानत आहे. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीतील आदेश हाच. आपल्यातील काही जण मात्र या चिडीतून दोन सोप्या वाटा काढतात. एक म्हणजे चार पैसे देऊन काम करून घेणे. हक्क मिळवण्यासाठी दुसरा कोणताच मार्ग उरला नाही तर देणाऱ्यावर गुनाह नाही, असे काही फकीहांनी म्हटले आहे हे खरे; परंतु आपण पहिल्याच खेपेला, रांगेत तासभर उभे राहण्याऐवजी ती सवलत घेतो आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या, पैसे नसलेल्या माणसासाठी दार आणखी जाड करतो. दुसरी वाट म्हणजे सर्वांना शिव्या देऊन घरी बसणे. चहाच्या टपरीवर राज्यकर्त्यांची निंदा करायला ना धैर्य लागते ना अभ्यास. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी खिलाफतच्या पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले होते की, मी चुकलो तर मला सरळ करा. सरळ करणे हे काम आहे, आणि ते कंटाळवाणे आहे.

कंटाळवाणे किती, तेही सांगतो. आम्ही चौघांनी ठरवले की, या उत्पन्न-मर्यादेविषयी लोकशाही दिनात निवेदन द्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागतो. आम्ही केला. उत्तर मिळाले की, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असली पाहिजे; धोरणाचा विषय येथे घेता येत नाही. म्हणजे एका बाईला अनुदान मिळाले नाही ही तक्रार चालेल, पण तिच्यासारख्या कोणालाच प्रामाणिकपणे मिळू शकत नाही ही चालणार नाही. मला संताप आला. आमच्यातील एक निवृत्त शिक्षक शांतपणे म्हणाले, "दार जाळता येत नाही, तर दुसरं दार शोधू." विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते, आमदारांमार्फत तिच्याकडे सार्वजनिक विषयावरचा अर्ज जाऊ शकतो. आमदारांची भेट पहिल्या दोन खेपांना झाली नाही. तिसऱ्या खेपेला झाली, आणि हे नमूद केले पाहिजे की त्यांनी नीट ऐकून घेतले. मर्यादा २१,००० आहे हे ऐकून त्यांनी विचारले, "महिन्याला?" आम्ही म्हणालो, "नाही साहेब, वर्षाला." ते बराच वेळ गप्प बसले.

जमातीच्या बाजूने एवढे झाले की, जुमाच्या नमाजनंतर दोघे जण मशिदीच्या ओट्यावर बसतात आणि कोणीही, कागदाशिवाय, येऊन आपली अडचण सांगू शकतो. पहिल्या दोन आठवड्यांत कोणीच आले नाही. त्या भगिनीला तिच्या हिश्श्याची रक्कम घरी पोहोचवली, ती महिलांच्या हातून, मोहल्ल्यात चर्चा न होता. उशीर झाला होता. थोरल्या मुलाची शाळा त्या वर्षी सुटली होती. ती भरून कशी काढावी, याचे उत्तर अजून आमच्याकडे नाही.

विनंती अर्जावर सह्या गोळा करताना आम्ही घरोघर गेलो. नावापुढे वार्षिक उत्पन्नाचा रकाना ठेवला होता. तो पाहून कित्येकांनी हात आखडता घेतला. खरे लिहिले तर चालू असलेले अनुदान बंद होईल, ही त्यांची भीती रास्त होती, म्हणून आम्ही कोणालाही आग्रह केला नाही. ती दारातच बसून काज-बटण करीत होती. तिने हात पदराला पुसले, कागद मांडीवर घेतला, सावकाश नाव लिहिले आणि रकान्यात आकडा भरला: ४२,०००. मग खाली छापलेली ओळ बोटाने दाखवून विचारले, "वरची माहिती खरी आहे, तेच लिहिलंय ना इथेही?" मी हो म्हणालो. तिने सही केली.